टेलोमेरवरची प्रथिने आणि अँटिबॉडी: सिग्नल जातो का, ते आधी बघा

प्रश्न थोडक्यात असा. कोल्हापुरात पीएच.डी. करणाऱ्या एका विद्यार्थिनीने हेला पेशींमध्ये (प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या मानवी कर्करोगाच्या पेशी) टीआरएफ२ हे टेलोमेरला, म्हणजे गुणसूत्राच्या टोकाला, चिकटणारे प्रथिन बघण्यासाठी एक अँटिबॉडी (ठरावीक प्रथिनाला धरणारे प्रथिन) घेतली. पेशी रिपा या डिटर्जंटच्या बफरमध्ये फोडल्या, सेंट्रिफ्यूज केल्या आणि वरचा द्रव वेस्टर्न ब्लॉटला (प्रथिने जेलवर आकारानुसार वेगळी करून अँटिबॉडीने ओळखणे) लावला. तीन बँड आले, आणि हवा तोच सगळ्यांत फिका. मायक्रोस्कोपखाली ठिपके दिसायच्या ऐवजी अख्खे केंद्रक हिरवे दिसते. चिप (अँटिबॉडीने प्रथिन आणि त्याला चिकटलेला डीएनए ओढून काढणे) केले, तर ज्या नळीत नुसती आयजीजी, म्हणजे नेमके काहीच न धरणारी कंट्रोल अँटिबॉडी, होती तिच्यातूनही टेलोमेरचा पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवणारी चाचणी) येतो. आता ही अँटिबॉडी टाकून दुसरी घ्यावी का, आणि गाइड म्हणतात तसे मावा-गुटखा खाणाऱ्यांच्या गालातल्या पेशींवर ती पुढे वापरता येईल का, असे तिने विचारले आहे. ग्रँट जवळपास संपली आहे, हेही लिहिले आहे.

टाकू नका, एवढ्यात तरी नाही. तुम्ही लिहिलेल्या तिन्ही गोष्टी अँटिबॉडी उत्तम असतानाही घडतात. उलट अँटिबॉडी भलत्याच प्रथिनाला चिकटत असतानाही देखणे चित्र मिळू शकते. म्हणून बँड किती स्वच्छ आणि ठिपके किती ठळक यावर निकाल लावायचाच नाही. एकच प्रश्न धरून ठेवा: माझ्या पेशींमधून हे प्रथिन कमी केले, तर हा सिग्नल जातो का? जात असेल तर अँटिबॉडी कामाची. जात नसेल तर माहितीपत्रकावर काहीही छापलेले असो, तिच्यावर प्रबंध उभा करू नका.

टेलोमेरच्या बाबतीत हा आग्रह जास्त का धरावा लागतो, ते सांगते. माणसाच्या गुणसूत्राच्या टोकाला टीटीएजीजीजी हा सहा अक्षरांचा क्रम पुन्हापुन्हा येत साधारण ५ ते १५ हजार बेस-जोड्यांपर्यंत जातो आणि शेवटी एकेरी धाग्याचे छोटे शेपूट असते. त्यावर सहा प्रथिनांचा संच बसतो. टीआरएफ१ आणि टीआरएफ२ दुहेरी धाग्याला धरतात, पॉट१ एकेरी शेपटाला. टिन२ आणि टीपीपी१ ही दुहेरी धाग्यावरच्या प्रथिनांना पॉट१शी सांधतात, आणि रॅप१ टीआरएफ२चा हात धरून येते. टीआरएफ१चे जनुक १९९५ मध्ये हाती आले, टीआरएफ२चे १९९७ मध्ये, माणसातल्या पॉट१ची ओळख २००१ मध्ये पटली, आणि या संचाला शेल्टरिन हे नाव टिटिया डी लँग यांनी २००५ मध्ये दिले. ही प्रथिने डीएनएला घट्ट बसलेली असतात आणि ज्या जागी बसतात ती जागा अतिशय छोटी असते. हेला पेशीत मोजले तर टेलोमेरचा डीएनए एकूण डीएनएच्या दहा हजारांत एक-दोन भागांएवढाच भरतो. तुमच्या तिन्ही अडचणींचे मूळ मला तरी या दोन गोष्टींतच दिसते.

आता वेस्टर्न. रिपामध्ये फोडून फिरवल्यावर तळाशी जो चिकट गोळा राहतो त्यातच क्रोमॅटिन (डीएनए आणि त्यावरची प्रथिने) असते, आणि क्रोमॅटिनबरोबर तुमचे टीआरएफ२. तुम्ही नेमके तेच टाकून दिलेत आणि उरलेल्या द्रवात ते शोधलेत. मग हवा तो बँड फिका आणि सायटोप्लाझममधल्या कुठल्यातरी प्रथिनाचा बँड ठळक, हे होणारच. पुढच्या वेळी पेशी मोजून थेट दुप्पट तीव्रतेच्या लेमली बफरमध्ये (जेलवर लावायच्या नमुन्याचा बफर) फोडा, एका मायक्रोलिटरला दहा हजार पेशी या हिशेबाने. नमुना शेंबडासारखा ताणला जाईल, पिपेटमध्ये धड येणार नाही. घाबरू नका, तो डीएनए आहे. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या इन्सुलिनच्या बारीक सुईतून तो आत-बाहेर ओढत राहा. ताण हळूहळू सैल होतो आणि थेंब सुटा पडू लागला की समजायचे झाले. मग उकळा आणि जेलवर लावा. यात काहीच टाकून दिले जात नाही. इम्युनोप्रेसिपिटेशनसाठी (अँटिबॉडीने प्रथिन ओढून काढण्यासाठी) विरघळलेले प्रथिनच हवे असेल, तर बफरमधले मीठ ४०० मिलिमोलरच्या आसपास न्या, म्हणजे टीआरएफ२ डीएनएवरून सुटते. त्या मिठाचे प्रमाण नंतर खाली आणायला विसरू नका, नाहीतर अँटिबॉडीच धरत नाही.

बँड कुठे शोधायचा? टीआरएफ२ जेलवर ६० ते ७० किलोडाल्टनच्या दरम्यान दिसते. रॅप१ कागदावर ४४ किलोडाल्टनचे आहे, पण जेलवर त्याहून बरेच वर धावते, तेव्हा मार्करशी जुळत नाही म्हणून त्याला बाद करू नका. टीआरएफ१चे दोन जवळजवळचे बँड आले तर तेही रास्त आहे. त्याचे वीस अमिनो आम्ले कमी असलेले एक रूप पेशीत असतेच. आणि इम्युनोप्रेसिपिटेशन करून त्याच जातीच्या अँटिबॉडीने ब्लॉट केलात, तर ५० किलोडाल्टनपाशी आयजीजीची जड साखळी येऊन टीआरएफ१ला झाकून टाकते. ओढायला सशाची आणि ब्लॉटला उंदराची अँटिबॉडी वापरा, म्हणजे हा घोळ होत नाही.

आता खरी कसोटी. टीआरएफ२विरुद्ध दोन वेगवेगळे एसआयआरएनए (ठरावीक जनुक दाबणारे छोटे आरएनए) घ्या, सोबत एक निरर्थक क्रमाचा. दोन यासाठी, की एकाचा परिणाम भलत्या जनुकावर पडला तर दुसरा ते उघड करतो. ४८ आणि ७२ तासांनी पेशी काढा, वर सांगितले तसे फोडा आणि तिन्ही नमुने शेजारी शेजारी लावा. तीन बँडपैकी जो दोन्ही एसआयआरएनएने उतरतो तो टीआरएफ२. बाकीचे दोन जसेच्या तसे राहिले तर ते कोण आहेत याचा शोध घेत बसू नका. ते आहेत एवढे लक्षात ठेवा, कारण मायक्रोस्कोपखाली त्यांचाही प्रकाश तुमच्या चित्रात मिसळणार आहे.

इथे एक फुकटचा साक्षीदार मिळतो. रॅप१ टीआरएफ२च्या आधाराने टिकते. टीआरएफ२ कमी झाले की रॅप१ही घटते. त्याच ब्लॉटवर रॅप१ची अँटिबॉडी लावली आणि तीही उतरली, तर दोन स्वतंत्र अँटिबॉडी एकच गोष्ट सांगताहेत असे झाले. शेजारच्या प्रयोगशाळेकडे रॅप१ची कुपी असेल तर पाच मायक्रोलिटर मागून आणा. त्याने लाज जात नाही आणि काम होते.

टीआरएफ२ पूर्ण काढून टाकलेल्या पेशी कंट्रोल म्हणून वापराव्यात असे तुमच्या मनात येईल. त्या फार काळ जगत नाहीत. टीआरएफ२ गेले की पेशीला गुणसूत्राचे टोक तुटल्यासारखे भासते, एटीएमचा (डीएनए तुटल्याची वर्दी देणाऱ्या एन्झाइमचा) मार्ग जागा होतो आणि टोके एकमेकांना चिकटू लागतात. रॅप१चे तसे नाही. रॅप१ काढलेल्या मानवी पेशी जगतात, म्हणून रॅप१च्या अँटिबॉडीची परीक्षा क्रिस्परने, म्हणजे जनुकच कापून, पक्की करता येते. टीआरएफ२साठी मात्र एसआयआरएनएवर किंवा हवे तेव्हा जनुक बंद करता येईल अशा पेशींवर भागवावे लागते. २०१६ मध्ये अँटिबॉडी पारखण्याचे पाच मार्ग आंतरराष्ट्रीय गटाने सुचवले: जनुक काढणे किंवा दाबणे, दुसऱ्या पद्धतीने ताडून पाहणे, दुसरी स्वतंत्र अँटिबॉडी, खूण जोडलेले प्रथिन, आणि पकडलेले प्रथिन मास स्पेक्ट्रोमीटरवर ओळखणे. माझ्या मते आपल्याकडच्या खर्चात पहिला आणि तिसरा जोडीने केला तरी परीक्षक समाधानी होतो, आणि व्हायलाच हवा. पेप्टाइड घालून सिग्नल घालवून दाखवणे हा पुरावा मी स्वीकारत नाही. अँटिबॉडी त्या पेप्टाइडला चिकटते एवढेच त्यातून कळते; पेशीत ती आणखी कशाकशाला चिकटते, ते नाही.

हिरव्या केंद्रकाची गोष्ट. टीआरएफ२चा काही भाग टेलोमेरवर न बसता केंद्रकात मोकळा असतो, आणि तुमचे ते दोन अनोळखी बँडही तिथेच असू शकतात. तेव्हा फिक्स करण्याआधी (पेशीतले सगळे रसायनाने जागच्या जागी जखडण्याआधी) मोकळे ते धुऊन काढायचे. बफर असा: २० मिलिमोलर हेपिस, पीएच ७.९, ५० मिलिमोलर सोडियम क्लोराइड, ३ मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइड, ३०० मिलिमोलर सुक्रोज आणि ०.५ टक्का ट्रायटन एक्स-१००. कव्हरस्लिप बर्फावर ठेवून हा बफर दोन-तीन मिनिटे घाला, काढा, आणि लगेच २ ते ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइडमध्ये १० मिनिटे फिक्स करा. सुक्रोजमुळे केंद्रके फुगत नाहीत. विभाजन होत असलेल्या गोल पेशी या पायरीला सुटून वाहून जातात, म्हणून कव्हरस्लिपला पॉलिलायसिन लावलेले बरे, आणि द्रव पेशींवर थेट न सोडता कडेने सोडा. पहिल्यांदा केलात की फरक डोळ्यांना दिसेल: हिरवी छटा उतरते आणि तिच्यातून ठिपके वर येतात.

ब्लॉकिंगसाठी दूध वापरू नका. बीएसए आणि थंड पाण्यातल्या माशाचे जिलेटिन, किंवा सेकंडरी (प्रायमरीला, म्हणजे प्रथिन धरणाऱ्या पहिल्या अँटिबॉडीला, चिकटणारी रंगीत अँटिबॉडी) ज्या प्राण्याची त्याचे सीरम, हे इथे चांगले चालते. सेकंडरी इतर जातींच्या अँटिबॉडींविरुद्ध घासून घेतलेलीच (क्रॉस-अॅड्सॉर्ब्ड) असावी. एका कव्हरस्लिपवर प्रायमरी न घालता नुसती सेकंडरी घाला आणि त्याच एक्स्पोजरवर फोटो काढा. तिथेही केंद्रक हिरवे असेल तर दोष प्रायमरीचा नाहीच.

हेला पेशींची टेलोमेर बऱ्याचदा आखूड असतात, आणि वेगवेगळ्या प्रयोगशाळांतल्या हेला याबाबतीत सारख्या नसतात. आखूड टेलोमेर म्हणजे कमी टीआरएफ२, म्हणजे फिके ठिपके. पद्धत बसवताना यू२ओएस (हाडाच्या कर्करोगातल्या) पेशी घ्या. त्यांच्यात टेलोमरेज (टेलोमेर वाढवणारे एन्झाइम) नसते, पुनर्संयोगाच्या मार्गाने त्या टेलोमेर वाढवतात, आणि काही टेलोमेर फारच लांब असतात. तिथे ठिपके दिसले नाहीत तर गडबड तुमच्या हातात किंवा अँटिबॉडीत आहे, हे नक्की. मात्र यू२ओएसमधले मोठे ठिपके अनेकदा पीएमएल प्रथिनाच्या गाठींमधले असतात, त्यावरून साध्या पेशींबद्दल काही ठरवू नका. पेशी पुण्याच्या एनसीसीएसमधून (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र) मागवत असाल तर तिथे यू२ओएससाठीही विचारून बघा. आणि डॅपीच्या (डीएनएला निळा करणारा रंग) फोटोत केंद्रकाबाहेर बारीक निळी रवाळी दिसली तर आधी मायकोप्लाझ्मा या जंतूची चाचणी करा, बाकी सगळे नंतर.

ठिपका टेलोमेरचाच आहे, हे दाखवायला सगळ्यांत भक्कम मार्ग पीएनए प्रोबने (टेलोमेरच्या क्रमाला चिकटणारा रंगीत कृत्रिम धागा) फिश करणे, म्हणजे डीएनएच रंगवणे. इम्युनोफ्लुरोसन्स (अँटिबॉडीने रंगवणे) पूर्ण झाल्यावर अँटिबॉडी जागेवर राहण्यासाठी पुन्हा फिक्स करायचे, अल्कोहोलच्या चढत्या पायऱ्यांनी वाळवायचे, ७० टक्के फॉर्मअमाइडमध्ये प्रोब घालून ८० अंशांवर काही मिनिटे तापवायचे आणि अंधारात दोन तास सामान्य तापमानाला ठेवायचे. प्रोब महाग आहे. तो परवडत नसेल तर टीआरएफ१विरुद्धची सशाची आणि टीआरएफ२विरुद्धची उंदराची अँटिबॉडी एकत्र लावा; दोन्ही ठिपके एकमेकांवर पडले पाहिजेत. टीआरएफ१ आणि टीआरएफ२ यांची डीएनएला धरणारी टोके सारखी आहेत, पण सुरुवातीची टोके अगदी वेगळी: एकाचे आम्लधर्मी, दुसऱ्याचे अल्कधर्मी. अँटिबॉडी कुठल्या तुकड्याविरुद्ध बनवली आहे ते माहितीपत्रकात वाचा. सुरुवातीच्या टोकाविरुद्धची असेल तर एकमेकांत गल्लत होण्याची भीती कमी.

पुढे जाऊन टेलोमेर बिघडले का हे ५३बीपी१ किंवा गॅमा-एच२एएक्सच्या (डीएनए तुटला की तिथे जमणाऱ्या प्रथिनांच्या) ठिपक्यांवरून मोजणार असाल, तर टीआरएफ२ दाबलेल्या पेशीत टेलोमेरची खूण म्हणून टीआरएफ२च वापरता येत नाही, हे उघड आहे. टीआरएफ१ किंवा फिश वापरा. ५३बीपी१चे ठिपके खूप असले की काही योगायोगानेही टेलोमेरवर पडतात. ते किती, हे कळायला एका रंगाचे चित्र ९० अंशांत फिरवून दुसऱ्यावर ठेवा आणि पुन्हा मोजा. ही मोजणी पंधरा मिनिटांची आहे आणि व्हायवाला ती विचारली जाते. अर्धवट दाबलेल्या टीआरएफ२ने बिघाड दिसला नाही तरी खचू नका, उरलेले टीआरएफ२ बऱ्याचदा टोके सांभाळायला पुरते.

चिपबद्दल माझे मत ठाम आहे: टेलोमेरसाठी साधा पीसीआर करू नका. सहा अक्षरांच्या पुनरावृत्तीवर प्रायमर कुठेही बसतात, एकमेकांवरही बसतात, आणि पस्तीस सायकलनंतर जेलवर सगळ्याच नळ्या सारख्या दिसतात. तुमच्या आयजीजीच्या नळीत आलेला पट्टा त्यातलाच आहे. डॉट ब्लॉट करा. ओढलेला डीएनए आणि इनपुटच्या (ओढण्याआधीच्या डीएनएच्या) काही ठरावीक टक्केवाऱ्या नायलॉनच्या पडद्यावर ठेवा आणि टेलोमेरच्या प्रोबने हायब्रिडाइझ करा. किरणोत्सारी फॉस्फरससाठी एईआरबीची (अणुऊर्जा नियामक मंडळाची) परवानगी, वेगळी खोली हा सगळा व्याप आहे; डिगॉक्सिजेनिन या खुणेचा प्रोब केमिल्युमिनेसन्सने (रासायनिक प्रकाशाने) छान चालतो. तोच पडदा धुऊन अलू या दुसऱ्या पुनरावृत्त क्रमाच्या प्रोबने पुन्हा बघा. अलूच्या प्रती आपल्या जनुकसंचात दहा लाखांहून अधिक आहेत आणि सगळीकडे पसरलेल्या आहेत, म्हणून टीआरएफ२ने टेलोमेर ओढला पण अलू ओढला नाही, तर तो निकाल खरा. हिस्टोन एच३ची (सगळ्या क्रोमॅटिनमधल्या प्रथिनाची) अँटिबॉडी दोन्ही ओढते, तिची एक नळी सोबत ठेवा. आकडा इनपुटच्या टक्क्यांत द्या, नुसता आयजीजीच्या किती पट असा नको.

संचातली बाकीची प्रथिने पुढे मागवणार असाल तर नावांपाशी थांबून बघा. शेल्टरिनमधल्या टीपीपी१च्या जनुकाचे अधिकृत नाव एसीडी आहे. टीपीपी१ या नावाने नोंदलेले जनुक लायसोसोममधल्या एका पेप्टिडेजचे आहे आणि त्याची अँटिबॉडी सहज मिळते. रॅप१ शोधलात तर बहुतेक वेळा रॅस घराण्यातले छोटे जीटीपेज समोर येते. तुम्हाला हवे ते टीईआरएफ२आयपी. दुकानातून चुकीची पण निर्दोष वस्तू घरी येते आणि ती अगदी स्वच्छ बँड देते, म्हणून हा घोटाळा लवकर लक्षातही येत नाही. मागणी नोंदवताना जनुकाचे नाव आणि युनिप्रॉट या प्रथिनांच्या नोंदसूचीतला क्रमांक दोन्ही लिहा. पॉट१ आणि टीपीपी१ पेशीत टिन२च्या साधारण दशांशच असतात, त्यामुळे त्यांच्या अँटिबॉडी मायक्रोस्कोपखाली क्वचितच समाधान देतात. तिथे जनुकालाच खूण जोडलेली बरी. टेलोमरेजच्या टीईआरटी या प्रथिनाचे तर उदाहरणच आहे: २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पडताळणीत एक खूप वापरली जाणारी अँटिबॉडी टीईआरटीला नव्हे, न्यूक्लिओलिन या दुसऱ्याच प्रथिनाला चिकटते असे निघाले. तोवर तिच्यावर बरेच निबंध छापून झाले होते.

कुपी आल्या दिवशीच छोटे भाग करून ठेवा, आणि उणे वीसचा फ्रीझर फ्रॉस्ट-फ्री नसावा. बर्फ साचू नये म्हणून तसा फ्रीझर अधूनमधून स्वतःला गरम करतो. सोडियम अझाइड असलेल्या बफरमध्ये एचआरपीची (ब्लॉटवर प्रकाश देणारे एन्झाइम लावलेली) सेकंडरी मिसळू नका. आणि थंड मागवायच्या वस्तू पावसाळ्याआधी मागवा. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या पुरात महामार्ग बंद झाला होता. तसे पुन्हा झाले तर पार्सल वाटेत अडकते, आणि आइसपॅक तेवढे दिवस पुरत नाहीत.

राहिले गालातल्या पेशींचे. गाइडना माझ्या वतीने नम्रपणे सांगा की स्वॅबने नको. घासून निघालेल्या पेशी वरच्या थरातल्या, बहुतेक मरणाला टेकलेल्या असतात. त्यांच्यावर जंतू असतात, स्वतःचीच चमक असते, आणि वर धुऊन काढण्याची जी पायरी सांगितली ती त्यांच्यावर धड करता येत नाही. त्यात हिरवे काहीतरी नक्की दिसेल, आणि त्याचा अर्थ लावता येणार नाही. प्रश्न मात्र महत्त्वाचा आहे. आपल्या भागात माव्याने बिघडलेली तोंडे थोडी नाहीत. त्यासाठी पॅथॉलॉजीतले पॅराफिन ब्लॉक घ्या, संस्थेच्या एथिक्स कमिटीची मंजुरी आधी घेऊन. फॉर्मलिनमध्ये प्रथिने इतकी जखडतात की अँटिजेन रिट्रीव्हल (जखडलेली प्रथिने अँटिबॉडीसाठी पुन्हा मोकळी करणे) करावेच लागते, आणि ब्लॉटवर पास झालेली अँटिबॉडी तिथे नापास होऊ शकते. म्हणून टीआरएफ२ दाबलेल्या आणि न दाबलेल्या हेला पेशींचे गोळे करा, ते फॉर्मलिनमध्ये ठेवून रुग्णांच्या ऊतींसारखेच पॅराफिनमध्ये बसवा, आणि प्रत्येक स्लाइडवर रुग्णाच्या कापाशेजारी या दोन गोळ्यांचे काप ठेवा. पहिल्या गोळ्यात रंग उतरला आणि दुसऱ्यात टिकला, तरच त्या स्लाइडवरच्या रुग्णाचा आकडा वहीत घ्या.